जायबंदी धन्याचा घोडा : त्याग आणि टाकणे यांतील भेद

मनुष्य ज्याला 'माझा घोडा' म्हणतो, त्यात 'माझे' म्हणण्याजोगे नेमके काय असते? परमार्गाच्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. या विवेकाने घोड्याकडे पाहिले तर त्याची उंची, रंग, चाल, पाठीचे बळ हे सर्व प्रपंचाच्या बाजूला पडते. परंतु ज्याला भूक लागते, चाबकाने ज्याला वेदना होते, ओळखीचा हात मानेवरून फिरला की जो शांत होतो, तो सुखदुःखाचा भोक्ता जीव आहे. आणि जीव हा प्रपंच नव्हे. बाजारात मोल होते ते पहिल्या बाजूचे. दुसऱ्या बाजूचे मोल करण्याचे माप कोणत्याही बाजारात नाही. म्हणून सौदा झाला, पैसे मोजले गेले, दोर दुसऱ्याच्या हाती पडला, तरी त्या जीवाविषयीचे जे कर्तव्य धन्याच्या माथी होते ते सौद्याबरोबर आपोआप विकले जात नाही. ते कसे उतरते आणि केव्हा उतरते, हाच प्रस्तुत विचाराचा विषय होय.

प्रश्नाचे स्वरूप

एक उदाहरण समोर ठेवले असता विचार नेमका होईल. तापीकाठच्या एखाद्या गावी एक वासनिक शेतकरी आहे असे मानावे. वय साठीच्या पुढे. घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडा बाळगण्याची रीत. एके दिवशी रस्त्यावर अचानक कर्कश भोंगा वाजतो, घोडा बुजतो, धनी खाली पडतो आणि त्याच्या खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, हाड सांधते. परंतु यापुढे रिकिबीत पाय घालावयाचा नाही आणि जड उचलावयाचे नाही, असे वैद्य बजावतात. मुले नोकरीनिमित्त शहरात. घरी वृद्ध पत्नी. घोडा आठ-नऊ वर्षांचा, म्हणजे ऐन उमेदीचा.

घोड्याचे आयुष्य सामान्यतः पंचवीस ते तीस वर्षांचे असते. तेव्हा या घोड्यापुढे अजून पंधरा-वीस वर्षे आहेत, आणि ती धन्याच्या उरलेल्या शक्तीहून अधिक आहेत. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी सात-आठ किलो सुकी वैरण लागते; त्यावर कामाच्या मानाने चंदी. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. रोज खरारा करावा लागतो, ठाण झाडावे लागते, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावे लागतात. शिवाय घोडा हा चालण्यासाठी घडलेला प्राणी आहे. त्याला अगाडी-पिछाडी लावून महिनोन्‌महिने एका जागी उभा केला तर खूर बिघडतात, पोटशूळ उठतो, स्वभाव चिडका होतो. घोड्याला ओकारी होत नाही. म्हणून इतर प्राण्यांना जे अपचन सोसते तेच त्याला प्राणघातक ठरू शकते. हे सर्व काठी टेकीत चालणाऱ्या धन्याने आणि डोक्यावर हंडा वाहणाऱ्या त्याच्या पत्नीने कसे करावे? अशा वेळी घोड्याला दुसरे घर पाहणे भाग आहे. परंतु कोणते घर, कोणत्या रीतीने आणि कोणत्या भावनेने?

दोन पूर्वपक्ष

या प्रश्नाला परमार्गी समाजात दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात, आणि दोन्हींना धर्माचा आधार असल्यासारखे भासते.

पहिले उत्तर असे : घोडा हा मोहाचा विषय. देवाने अपघाताच्या निमित्ताने तो सुटण्याची संधी दिली. तेव्हा जो पहिला गिऱ्हाईक येईल त्याला देऊन मोकळे व्हावे. कोणी न आल्यास माळावर सोडून द्यावा. त्याच्या कर्मात जे असेल ते त्याला मिळेल. एवढ्यासाठी जीव अडकवून घेणे हे वासनिकाला शोभत नाही.

दुसरे उत्तर याच्या उलट : ज्या प्राण्याने इतकी वर्षे सेवा केली त्याला दुसऱ्याच्या दारी पाठविणे ही कृतघ्नता होय. दारात जन्मला, दारातच मरू द्यावा. वैरण कमी पडली तर कमी घालावी, पण दोर सोडू नये.

दोन्ही मते तपासण्यासारखी आहेत. पहिल्या मतातील 'कर्म' हा शब्द फसवा आहे. प्रत्येक जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो, हे खरे. परंतु एकाच्या भोगाला निमित्त कोण होतो, हा दुसऱ्याच्या आचाराचा प्रश्न आहे. भुकेला घोडा माळावर तडफडून मेला तर त्याचा भोग त्याच्याबरोबर संपेल. ज्याने त्याला जाणूनबुजून माळावर सोडले त्याचा दोष मात्र त्या क्षणापासून सुरू होईल. आपल्या मार्गाचा अहिंसाविचार मुंगीच्या पीडेपर्यंत सूक्ष्म आहे. तो शस्त्राने केलेल्या घातापाशी थांबत नाही. दुर्लक्षाने होणाऱ्या घातालाही तो घात म्हणतो. लौकिक कायदाही येथे शास्त्राच्या मागे नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने, उपासमार किंवा तहान यांनी क्लेश होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा अपराध ठरविला आहे. जे कायद्याच्या भीतीने करावयाचे नाही ते धर्माच्या नावाने करावे, हे कसे योग्य होईल?

दुसऱ्या मतात कृतज्ञतेचा शब्द आहे, परंतु त्याच्या आड ममता उभी आहे. घोड्याचे पोट खपाटीला गेले, खूर वाढून वाकडे झाले, तरी 'तो माझ्या दारात आहे' या समाधानावर जो जगतो, तो घोड्याचे हित पाहत नाही. स्वतःच्या मनाचे सांत्वन पाहतो. जीवाला बंधन होते ते प्राण्यावर दया केल्याने नव्हे, तर 'माझे' या भावनेने. दया समोरच्याच्या सुखासाठी असते. ममता स्वतःच्या सुखासाठी असते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून त्यांची परीक्षा अडचणीच्या वेळीच होते.

गीतेचा निकष

अठराव्या अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. कर्म कष्टाचे आहे, शरीराला क्लेश होतील, या भयाने सोडणे हा राजस त्याग. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. आणि कर्तव्य म्हणून कर्म करणे, परंतु त्यातील आसक्ती आणि फलाची अपेक्षा सोडणे हा सात्त्विक त्याग. प्रस्तुत प्रश्न या तिन्हींवर घासून पाहता येतो.

घोड्याने पाडले म्हणून त्याच्यावर राग धरणे आणि 'हा अवलक्षणी आहे, नजरेसमोर नको' म्हणून कोणाच्याही गळ्यात बांधणे, हा तामस प्रकार होय. भोंगा ऐकून बुजणे हा घोड्याचा जातिस्वभाव आहे. त्याच्या ठायी धन्याविषयी वैर नव्हते. ज्याला कर्तव्य-अकर्तव्याचा विवेक नाही त्याच्यावर अपराध ठेवणे हेच अज्ञान.

'आता कोण एवढे कष्ट करतो' म्हणून चौकशी न करता व्यापाऱ्याच्या हवाली करणे, हा राजस प्रकार. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घेतला पाहिजे. खुब्याचे हाड मोडलेल्या मनुष्याने घोडा सांभाळणे सोडले तर ते क्लेशभय नव्हे, ती खरी अशक्ती आहे. अशक्ताकडून शास्त्र कर्म मागत नाही. परंतु घोड्याला चालविण्याची शक्ती गेली म्हणून त्याच्यासाठी चांगले घर शोधण्याची शक्तीही गेली, असे होत नाही. पाय मोडला आहे. विचार, वाणी आणि ओळखीपाळखी शाबूत आहेत. जेवढी शक्ती उरली तेवढे कर्तव्य उरले. ते न करणे मात्र क्लेशभयच होय.

घोड्याचे हित पूर्ण पाहून, स्वतःच्या लोभाला आणि ममतेला बाजूला सारून, योग्य हाती तो सोपविणे, हा सात्त्विक त्याग. येथे कर्तव्य सुटलेले नाही. ते शेवटास नेले आहे. मोकळा होतो तो 'माझे' हा शब्द.

ससीकरक्षणाचा बोध

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातील ससीकरक्षणाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांच्या पुढे धावत आलेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही; उलट पारध्यांना हिंसेपासून परावृत्त केले. ही लीळा शरणागताच्या रक्षणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु तिच्या शेवटाकडे पुरेसे लक्ष जात नाही. पारधी निघून गेल्यावर स्वामींनी ससा जवळ ठेवून घेतला नाही. जानू उचलून त्याला जाऊ दिले.

या क्रमात प्रस्तुत प्रश्नाचे सर्व उत्तर आले आहे. स्वामींनी ससा सोडला. पण केव्हा सोडला? पारधी समोर असताना नव्हे, भय टळल्यानंतर. सोडणे एकच, परंतु पारधी उभे असताना जानू उचलली असती तर ते सोडणे म्हणजे हवाली करणे झाले असते. आणि भय टळल्यानंतरही ससा धरून ठेवला असता तर रक्षणाचे रूपांतर बंधनात झाले असते. रक्षण आणि मुक्तता यांच्यामध्ये जी योग्य वेळ असते ती ओळखणे, हाच दयेतील विवेक.

ससा रानाचा होता, त्याला रान ठाऊक होते. म्हणून त्याला रानात सोडणे हे हित झाले. घोडा मात्र मनुष्याच्या हातून दाणावैरण घेत आलेला, ठाणाला सरावलेला प्राणी आहे. त्याचे रान म्हणजे दुसरे चांगले ठाण. लीळेचा शब्द धरून घोडा माळावर सोडणारा मनुष्य लीळेचा अर्थ सोडतो.

सारथ्याचे काम

गीता ज्यांच्या मुखातून निघाली त्यांच्या हाती तेव्हा घोड्यांचे लगाम होते, ही गोष्ट सहसा मनात येत नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवसाचा एक प्रसंग आहे. सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी करावयाची आहे, शत्रू सभोवार आहे, एकेक घटका मोलाची आहे. आणि अशा वेळी रथाचे घोडे थकून, बाणांनी विद्ध होऊन आले आहेत. तेथे भर रणात घोडे सोडले जातात. अर्जुन बाणाने जलाशय निर्माण करतो आणि शत्रूंना अडवून धरतो. श्रीकृष्णचक्रवर्ती स्वहस्ते घोड्यांच्या अंगातील बाण काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात, आणि ते ताजेतवाने झाल्यावरच पुन्हा रथाला जोडतात.

यातून निघणारा अर्थ साधा आहे. स्वामीचे प्रयोजन कितीही मोठे असो, ज्या प्राण्याच्या पाठीवर ते प्रयोजन चालले त्याची निगा त्याहून गौण ठरत नाही. ज्याचा परमेश्वर रणांगणावर घोड्याला पाणी पाजण्यास थांबला, त्या भक्ताने 'यात्रेचा दिवस जवळ आला, बाजार उठून जाईल' एवढ्या घाईने घोडा कोणाच्याही हाती द्यावा, हे विसंगत आहे.

घेणाऱ्याची पात्रता

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या तीरावर सारंगखेडा येथे एकमुखी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तेथे यात्रा भरते आणि त्याच वेळी घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. निरनिराळ्या प्रांतांतून घोडे येतात, हौशी आणि व्यापारी दोघेही येतात. एकाच गावी एका बाजूला प्रभूंचे दर्शन आणि दुसऱ्या बाजूला जीवांचा सौदा, असा योग तेथे घडतो. वासनिकाने दर्शन घेऊन बाजाराकडे वळताना दर्शनाचा काही अंश बरोबर न्यावा, एवढीच अपेक्षा. बाजारात जाणे दोषाचे नाही. गिऱ्हाइकाला ओळखल्याशिवाय दोर सोडणे दोषाचे आहे.

बाजारातील दृष्टीचा विचार करताना दृष्टान्तपाठातील हस्तीचा दृष्टान्त आठवल्याशिवाय राहत नाही. तो दृष्टान्त ज्ञानविषयक आहे. येथे त्याची केवळ रीत घ्यावयाची. आंधळ्यांपैकी प्रत्येकाने हत्तीचा एकेक अवयव चाचपला आणि तेवढ्यालाच हत्ती मानले. घोड्याच्या बाजारातही तसेच घडते. वरातीसाठी घोडा पाहणारा रंग पाहतो. टांग्यासाठी पाहणारा खांदा पाहतो. नाचविण्यासाठी पाहणारा चाल पाहतो. शुभाशुभ मानणारा अंगावरचे भोवरे मोजतो. घोडा पाहणारा त्यांत विरळा. धन्याने शोधावयाचा तो हा विरळा मनुष्य.

त्याची पारख कशी करावी? ज्याच्या घरी आधीचे जनावर आहे त्याच्या गोठ्यात जाऊन ते पाहावे. बोलण्यापेक्षा गोठा खरे सांगतो. जनावराच्या पाठीवर खोगिराचे व्रण आहेत काय, पाणी स्वच्छ आहे काय, मनुष्य जवळ येताच जनावर मान पुढे करते की अंग चोरते, एवढे पाहिले तरी पुरे. घरात घोड्याचे काम प्रत्यक्ष कोण करणार हे विचारावे. हौस बापाची आणि खरारा कोणाचाच नाही, अशी घरे पुष्कळ असतात. पंधरा वर्षांनी घोडा म्हातारा झाल्यावर त्याचे काय करणार, हेही विचारावे. ज्याला हा प्रश्न विचित्र वाटतो त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे.

घोडा एकदम न देता महिनाभर सांभाळून पाहण्यास द्यावा. जुनी वैरण थोडी बरोबर पाठवावी आणि नव्या वैरणीची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावण्यास सांगावे. एकदम खाणे बदलल्याने पोटशूळाचे भय असते. पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून मनुष्यालाही होऊ शकतो, म्हणून रक्ताची तपासणी हे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे दोघांचेही हित आहे. पुढे कधी घोडा द्यावयाचा झाल्यास प्रथम मूळ धन्याला कळवावे, असा लेख करून ठेवावा. आणि मधून एकदा न कळवता जाऊन यावे. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. मुलगी दिल्या घरी बाप जातोच.

किंमत घ्यावी की न घ्यावी? किंमत घेण्यात स्वतः दोष नाही. उपचाराचा खर्च झालेल्या गृहस्थाला पैशाची गरज असणे स्वाभाविक आहे. फुकट दिलेल्या वस्तूची लोक किंमत ठेवीत नाहीत, हाही अनुभव आहे. दोष उद्‌भवतो तो निवडीच्या क्षणी. दोन गिऱ्हाइके उभी असता अधिक पैसे देणारा कठोर आणि कमी देणारा दयाळू असेल, तर त्या दोहोंतील फरकाची रक्कम ही घोड्याच्या दुःखाची किंमत आहे. ती खिशात घालावयाची की नाही, हे धन्याने ठरवावयाचे असते.

खोड सांगावी की झाकावी?

सर्वांत अवघड गाठ येथे आहे. हा घोडा भोंग्याला बुजतो. त्याने एका मनुष्याचे हाड मोडले आहे. हे सांगितले तर घेणारा मागे फिरेल. न सांगितले तर घोड्याला चांगले घर मिळेल. घोड्याच्या हितासाठी एवढे मौन पाळले तर काय बिघडले, असा प्रश्न एखादा प्रामाणिक मनुष्यही विचारील.

याचे समाधान दोन अंगांनी होते. पहिले अंग सत्याचे. घेणाऱ्या घरात मुले असतील, वृद्ध असतील. ज्या धोक्याने स्वतःचे हाड मोडले तो धोका माहीत असून दुसऱ्याच्या अंगणात बांधून येणे, ही हिंसाच होय. एका जीवाच्या दयेसाठी दुसऱ्या जीवाला अंधारात ठेवता येत नाही. दुसरे अंग खुद्द घोड्याच्या हिताचे. झाकलेली खोड फार दिवस झाकली राहत नाही. पहिल्या भोंग्याला ती उघडी पडते, आणि मग फसविला गेलेला मनुष्य आपला राग देणाऱ्यावर काढू शकत नाही. तो घोड्यावर काढतो. तेथून तो घोडा तिसऱ्या, चौथ्या हाती जातो, आणि प्रत्येक हाती त्याची किंमत आणि निगा दोन्ही उतरत जातात. तेव्हा असत्याने मिळविलेले घर हे घर नसते. तो टाकण्याचा लांबविलेला प्रकार असतो.

खोड सांगितल्याने गिऱ्हाइके कमी होतील, हे खरे. परंतु जे उरतील ते जाणून घेणारे असतील. बुजणाऱ्या घोड्याला धीराने सरावविता येते, हे जाणकाराला ठाऊक असते. सत्य बोलण्याने वेळ लागतो एवढेच. आणि तो वेळ घोड्याच्या वैरणीची सोय करून काढावा लागतो.

मठाला दान

काही वासनिकांच्या मनात आणखी एक वाट येते : घोडा मठाला अर्पण करावा. देवाच्या दारी गेला म्हणजे त्याचे कल्याण झाले आणि आपणांस दानाचे श्रेय मिळाले. हा विचार भक्तीचा दिसतो; परंतु तो स्पष्टपणे तपासला पाहिजे.

दान म्हणजे घेणाऱ्याच्या उपयोगाची वस्तू आदराने देणे. जी वस्तू आपणांस जड झाली, जिला गिऱ्हाईक मिळाले नाही, ती 'अर्पण' या शब्दात गुंडाळून मठाच्या दारी बांधणे ही विल्हेवाट होय, दान नव्हे. श्रीस्वामींनी अनुसरलेल्यांना सांगितलेला आचार भिक्षेचा, अटनाचा, विजनाचा आणि अपरिग्रहाचा आहे. ज्याने झोळीपलीकडे काही बाळगू नये त्याच्या गळ्यात पंधरा वर्षांची वैरण बांधली तर त्याच्या आचारात विघ्न येते. आणि घोड्याचेही हाल होतात, कारण अटन करणाऱ्याच्या पाठीमागे ठाण राहत नाही. ज्या आश्रमांत आज गोशाळा आहेत, मनुष्यबळ आहे, आणि घोड्याची माहिती असणारा कोणी आहे, तेथे आधी विचारून, दाणावैरणीच्या खर्चाचा भार स्वतः पत्करून घोडा ठेवता येईल. ते दान निराळे. न विचारता आणून बांधलेला घोडा मात्र महंतांना नाही म्हणता येत नाही एवढ्याच बळावर स्वीकारला जातो. आणि संकोचाने घेतलेल्या जीवाची निगाही संकोचाचीच होते.

भिक्षुकांनीही येथे धैर्य दाखविले पाहिजे. 'देवाच्या दारी कोणाला नाही कसे म्हणावे' असे म्हणून जो जीव सांभाळता येत नाही तो स्वीकारणे ही दया नव्हे, भीड आहे. त्यापेक्षा आपल्या अटनात ज्या गावी, ज्या घरी जनावरांवर खरी माया पाहिली असेल त्याचा पत्ता वासनिकाला सांगणे, हे अपरिग्रह न मोडता करता येण्याजोगे मोठे साह्य आहे.

घेणारा न मिळाल्यास

सर्व प्रयत्न करूनही योग्य मनुष्य न मिळाला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील हौसेच्या फेरफटक्याच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. प्राण्यांच्या क्लेशाचा विचार करता तो निर्णय योग्यच होता. परंतु गाडी बंद झाली म्हणून घोड्याची भूक बंद होत नाही. म्हणूनच न्यायालयाला घोडे आणि गाडीवान या दोघांच्याही पुनर्वसनाचा विचार करण्यास शासनाला सांगावे लागले. क्लेश थांबविणे हे अर्धे काम. त्या जीवाची पुढची सोय लावणे हे उरलेले अर्धे. एका घोड्याच्या धन्यालाही हाच न्याय लागू आहे.

योग्य घर मिळेपर्यंत घोडा धन्याचाच आहे. स्वतः करता येत नसेल तर मजुरी देऊन माणूस ठेवावा. तेही न परवडल्यास भावकीने, गावातील परमार्गी मंडळींनी वाटून घ्यावे. एकाने कडबा द्यावा, एकाने सकाळी फिरवून आणावा, एकाने नालबंदाचा खर्च सोसावा. आजारी वासनिकाच्या घरी समाचाराला जाऊन खुशाली विचारणारे पुष्कळ असतात. त्यांतील एकाने परत निघताना घोड्याच्या ठाणावरची घमेलीभर लीद उचलली तर त्या समाचाराला अधिक अर्थ येईल. पांजरपोळाचा पर्यायही आहे, परंतु तेथेही प्रत्यक्ष जाऊन पाहणे आणि खर्चाचा वाटा उचलणे हे ओघानेच येते. घेणारा मिळाला नाही म्हणून धडधाकट जीवाचा अंत करणे, ही कल्पना इतरत्र सोयीची मानली जात असेल. अहिंसेच्या मार्गात तिला जागा नाही.

शेवटचे बंधन

समजा, सर्व यथायोग्य झाले. घर चांगले मिळाले, खोड सांगितली गेली, महिना पार पडला, घोडा नव्या ठाणावर रमला. त्यानंतर धन्याच्या मनाचे काय? रिकामे ठाण पाहून त्याला दुःख होईल. ते दुःख लपविण्याचे कारण नाही. परंतु पुढे एक दिवस असा येतो की तो नव्या धन्याच्या गावी जातो, घोडा दुरून दिसतो, दुसऱ्याच्या हातून निवांत चंदी खात असतो, आणि जुन्या धन्याच्या हाकेला कान टवकारून पुन्हा तोबऱ्यात तोंड घालतो. त्या क्षणी मनात जे उठते त्यावरून त्यागाची जात ओळखावी. 'मला विसरला' असे वाटून मन कडू झाले तर ममता अजून शिल्लक आहे. 'सुखात आहे' असे वाटून मन निवाले तर दया होती. बहुधा दोन्ही एकदमच उठतात. त्यांतील पहिली ओळखून बाजूला सारणे आणि दुसरी जपणे, हाच त्या दिवसाचा अभ्यास.

संसारातील मनुष्याला एक दिवस सर्वच दोर हातातून सोडावे लागतात : शेताचे, घराचे, मुलाबाळांचे, अखेरीस देहाचेही. त्या वेळी ते चिडून फेकले जाऊ नयेत, भिऊन टाकले जाऊ नयेत आणि मोहाने घट्ट धरलेही जाऊ नयेत, यासाठी आधीपासून सराव लागतो. जायबंदी धन्यासमोर उभा असलेला घोडा त्याला तो सराव करावयास लावतो. ज्याने एका मुक्या जीवाला योग्य हाती, सत्य सांगून, लोभ टाकून सोपविले, त्याला अनुसरणाची वाट थोडी ओळखीची झाली असे म्हणण्यास हरकत नाही. आणि ज्याला असा प्रसंग आला नाही, त्याने निदान गावातल्या ज्या शेजाऱ्यावर तो आला असेल त्याच्या दारी जाऊन, 'घोड्याचे काय ठरविले?' एवढे तरी विचारावे.